आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांची बॅटरी : दोषशोध, निगा व बदल

गगनबावडा हा कोल्हापूर जिल्ह्यातील सर्वांत जास्त पावसाचा तालुका होय. तालुक्याच्या ठिकाणापासून कोल्हापूर शहर सुमारे ५५ किलोमीटर अंतरावर आहे. पश्चिमेस करूळ व भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात. भात, नाचणी व ऊस पिकविणाऱ्या या भागात खत-बियाणे आणणे, भाजीपाला बाजारात पोहोचविणे, दूध वेळेवर केंद्रावर नेणे व प्रसंगी आजारी माणसास कोल्हापूरच्या रुग्णालयात हलविणे ही सर्व कामे गाडीवरच अवलंबून असतात. पावसाळ्यात मांडुकलीसारख्या ठिकाणी रस्त्यावर पुराचे पाणी येऊन वाहतूक खोळंबते. अशा वेळी रस्ता जेवढे तास मोकळा असेल तेवढ्यात काम उरकावे लागते. त्या मोजक्या तासांत गाडी चालूच झाली नाही, तर होणारे नुकसान बॅटरीच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठे असते.

अलीकडे खेड्यापाड्यांतही ज्या नव्या गाड्या आल्या आहेत, त्यांपैकी पुष्कळ गाड्यांत इंजिन आपोआप बंद व चालू करणारी यंत्रणा बसविलेली असते. या गाड्यांची बॅटरी जुन्या जीपगाडीच्या किंवा ट्रॅक्टरच्या बॅटरीहून वेगळ्या जातीची असते. तिची तपासणी व बदल करण्याची रीतही काहीशी निराळी आहे. ही गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे चांगली बॅटरी टाकून देणे, चुकीची बॅटरी विकत घेणे, अगर बॅटरी बदलूनही दोष तसाच राहणे असे प्रकार घडतात. म्हणून या विषयाची माहिती येथे क्रमवार दिली आहे.

यंत्रणेचे कार्य

गाडी फाटकापाशी किंवा शहरातील चौकात उभी राहिली असता इंजिन विनाकारण चालू राहून इंधन जळते. हे टाळण्यासाठी गाडी थांबून चालकाने गियर मोकळा केला व क्लचवरील पाय काढला की यंत्रणा इंजिन बंद करते. पुन्हा क्लच दाबताच इंजिन आपोआप चालू होते. स्वयंचलित गियरच्या गाडीत हेच कार्य ब्रेकच्या पायट्यावरून घडते. भारतात महिंद्र कंपनीने २००८ मध्ये स्कॉर्पिओ गाडीत ही सोय दिली. मारुती कंपनीने २०१५ मध्ये सियाझ या गाडीत हीच सोय अधिक पुढे नेली. त्यानंतर ती अनेक कंपन्यांच्या गाड्यांत आली.

इंजिन बंद असताना जनित्रही बंद असते. त्या अवधीत दिवे, वायपर, पंखा व इतर उपकरणे यांचा सर्व भार एकट्या बॅटरीवर पडतो. हा भार किती असतो हे एका उदाहरणाने कळेल. समजा, गाडीची बॅटरी ६० ॲम्पियर-तासांची आहे. पावसातील संध्याकाळी दिवे, वायपर व आतील पंखा मिळून सुमारे ३० ॲम्पियर प्रवाह लागतो. गाडी एक मिनिट थांबली तर अर्धा ॲम्पियर-तास खर्च होतो. इंजिन पुन्हा चालू करताना २०० ॲम्पियर प्रवाह दोन सेकंद लागला असे धरले, तर तो खर्च फक्त ०.११ ॲम्पियर-तास येतो. कोल्हापुरात फुलेवाडीपासून बाजारापर्यंत व परत येताना मिळून गाडी वीस वेळा मिनिटभर थांबली, तर थांबण्याचा खर्च १० व चालू करण्याचा सुमारे २.२, असा एकूण १२.२ ॲम्पियर-तास खर्च होतो. म्हणजे बॅटरीचा पाचवा हिस्सा रिकामा झाला.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, बॅटरी थकते ती मुख्यत्वे इंजिन बंद असताना चालू ठेवलेल्या उपकरणांमुळे. इंजिन पुन्हा पुन्हा चालू केल्याने होणारा खर्च त्यामानाने थोडा असतो. दुसरी, या बॅटरीस दररोज थोडे रिकामे होणे व पुन्हा भरणे असे चक्र सोसावे लागते. साधी बॅटरी क्षणभर मोठा प्रवाह देऊन लगेच भरून घेण्यासाठी बनविलेली असते. असे चक्र तिला फार काळ सोसत नाही.

बॅटरीच्या जाती

शिसे-गंधकाम्लाच्या बॅटरीचा शोध १८५९ मध्ये फ्रान्समध्ये गास्तों प्लान्ते यांनी लावला. तेच तत्त्व आजही चालू आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असून प्रत्येक कप्पा सुमारे २.१ व्होल्ट दाब देतो. गाड्यांत आढळणाऱ्या बॅटऱ्यांच्या तीन जाती पुढीलप्रमाणे आहेत.

साधी बॅटरी : हिच्या पत्र्यांभोवती पातळ गंधकाम्ल असते. जुन्या गाड्यांत व ट्रॅक्टरमध्ये ही चालते. झाकणे उघडणारी असल्यास तिच्यात शुद्ध पाणी घालता येते.

ई.एफ.बी. बॅटरी : ही साध्या बॅटरीचीच सुधारलेली जात होय. हिच्या पत्र्यांवरील लेप घट्ट धरून ठेवण्याची विशेष व्यवस्था केलेली असते. त्यामुळे रिकामे होण्याची व भरण्याची अधिक चक्रे ती सोसते. आपोआप बंद-चालू होणाऱ्या अनेक लहान व मध्यम गाड्यांत ही जात दिलेली असते.

ए.जी.एम. बॅटरी : हिच्यातील गंधकाम्ल काचतंतूंच्या दाट चटईत शोषलेले असते. बॅटरी पूर्ण बंदिस्त असून तिच्यावर दाब नियंत्रित करणाऱ्या झडपा असतात. ती कधीही उघडू नये व तिच्यात पाणी घालू नये. तिची किंमत जास्त असते, परंतु तिन्ही जातींत सर्वाधिक चक्रे तीच सोसते.

गाडीत कोणती जात आहे हे बॅटरीवरील चिठ्ठीवरून व गाडीच्या माहितीपुस्तिकेवरून निश्चित करावे. नियम असा की, ए.जी.एम.च्या जागी ए.जी.एम.च बसवावी. ई.एफ.बी.च्या जागी ई.एफ.बी. बसवावी, कंपनीची मान्यता असल्यास ए.जी.एम. बसविण्यास हरकत नाही. दोन्हींच्या जागी साधी बॅटरी मात्र बसवू नये. काही गाड्यांत मुख्य बॅटरीखेरीज दुसरी लहान बॅटरी असते. अशा गाडीचे काम अधिकृत कारागिराकडूनच करून घ्यावे.

दोषाची पहिली चाहूल

साध्या गाडीत बॅटरी थकली की सेल्फ मंद फिरतो. या गाड्यांत त्याच्याही आधी एक सूचना मिळते : चौकात थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होईनासे होते. बॅटरीच्या ऋण टोकावर बहुधा एक लहान संवेदक बसविलेला असतो. बॅटरीत येणारा व जाणारा प्रवाह तो मोजत असतो. बॅटरी पुरेशी भरलेली नाही असे त्यास आढळले की इंजिन बंद करण्याची परवानगी यंत्रणा देत नाही. एकदा इंजिन बंद करून ते पुन्हा चालूच झाले नाही असा प्रसंग येऊ नये, हा यामागील हेतू होय.

तथापि, इंजिन बंद होत नाही एवढ्यावरून बॅटरी खराब झाली असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. इंजिन पुरेसे तापलेले नसणे, चालकाचा पट्टा बांधलेला नसणे, दार किंवा बॉनेट नीट न लागणे, काचेवरील धुके घालविण्यासाठी पंखा व वातानुकूलन जोरात चालू असणे, गाडी तीव्र चढावर उभी असणे, अगर यंत्रणा बंद ठेवण्याचे बटण दाबलेले असणे, यांपैकी कोणतेही कारण असू शकते. गगनबावड्याच्या पावसाळ्यात काचेवर धुके सतत जमते. त्यामुळे तेथे या कारणाने यंत्रणा विश्रांती घेत असल्यास ते दोषाचे लक्षण समजू नये. आकाश निवळल्यावर, गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालवून झाल्यावरही इंजिन बंद होत नसेल, तरच पुढील तपासणी करावी.

तपासणीपूर्वी घ्यावयाची खबरदारी

बॉनेट उघडण्यापूर्वी किल्ली फिरवून गाडी पूर्ण बंद करावी व किल्ली काढून घ्यावी. बटणावर चालू होणारी गाडी असल्यास किल्ली गाडीपासून दूर ठेवावी. इंजिन यंत्रणेने बंद केलेले असले, तर ते केव्हाही आपोआप चालू होण्याचा संभव असतो. अशा वेळी पंख्याच्या पट्ट्याजवळ हात असल्यास गंभीर इजा होते. या सूचनेत कधीही सवलत घेऊ नये.

बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. म्हणून जवळ विडी, काडी किंवा कंदील आणू नये. हातातील अंगठी, कडे व घड्याळ काढून ठेवावे. डोळ्यांस चष्मा व हातांस रबरी मोजे वापरावेत. गंधकाम्ल अंगावर किंवा डोळ्यांत उडाल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवावे. डोळ्यांस इजा झाली असल्यास त्यानंतर त्वरित डॉक्टरांकडे जावे.

तपासणीचा क्रम

एक : टोकांची पाहणी. दमट हवेत बॅटरीच्या टोकांवर पांढरी किंवा निळसर बुरशीसारखी भुकटी जमते. तिच्यामुळे प्रवाह अडतो आणि चांगली बॅटरीही मेल्यासारखी वागते. जोड हाताने हलत असेल तर तो सैल आहे असे समजावे. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या ब्रशाने भुकटी धुवावी. बॅटरीला झाकणे असल्यास सोड्याचे पाणी आत जाऊ देऊ नये. त्यानंतर टोके कोरडी करून जोड घट्ट करावेत व वरून व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा. पुष्कळ गाड्यांचा दोष येथेच दूर होतो.

दोन : विश्रांतीतील दाब. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी, ती चालू करण्यापूर्वी, मल्टिमीटरने बॅटरीच्या दोन टोकांमधील दाब मोजावा. गाडी नुकतीच चालवून आणलेली असेल तर आकडा खोटा जास्त दिसतो. साधी व ई.एफ.बी. बॅटरी पूर्ण भरलेली असता १२.६ ते १२.८ व्होल्ट आणि ए.जी.एम. सुमारे १२.८ ते १३ व्होल्ट दाखविते. साध्या बॅटरीत १२.४ म्हणजे सुमारे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२ म्हणजे पाव भरलेली असे धरावे. ११.८ च्या खाली ती रिकामी समजावी. उघडता येणाऱ्या साध्या बॅटरीत हायड्रोमीटरने प्रत्येक कप्पा तपासता येतो. एखाद्या कप्प्याचे विशिष्ट गुरुत्व इतरांपेक्षा ०.०५० ने कमी आढळल्यास तो कप्पा निकामी होऊ लागला आहे असे जाणावे.

तीन : भरून पुन्हा परीक्षा. रिकामी बॅटरी व निकामी बॅटरी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दाब कमी आढळल्यास आधी बॅटरी पूर्ण भरावी. भरण्याचा प्रवाह क्षमतेच्या दशांश ठेवावा. म्हणजे ६० ॲम्पियर-तासांच्या बॅटरीस ६ ॲम्पियर प्रवाह द्यावा. अर्धी रिकामी असेल तर ती भरण्यास सहा ते आठ तास लागतात. ए.जी.एम. बॅटरीसाठी दाब नियंत्रित करणारा चार्जरच वापरावा. तिला १४.८ व्होल्टपेक्षा जास्त दाब दिल्यास आतील पाणी झडपांवाटे निघून जाते व ते परत घालता येत नाही. बॅटरी गाडीतच ठेवून भरताना चार्जरची ऋण तार बॅटरीच्या टोकास न जोडता गाडीच्या धातूच्या सांगाड्यास जोडावी. तसे केल्यासच ऋण टोकावरील संवेदकास भरलेल्या प्रवाहाचा हिशेब लागतो. भरल्यानंतर बारा तास विश्रांती देऊन पुन्हा दाब मोजावा. तो १२.४ च्या खाली उतरला असेल तर बॅटरीचे आयुष्य संपत आले आहे.

चार : सेल्फ फिरतानाचा दाब. बॅटरी भरलेली असताना एका माणसाने गाडी चालू करावी व दुसऱ्याने मल्टिमीटर पाहावा. सेल्फ फिरत असता दाब ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. भरलेल्या बॅटरीचा दाबही त्याखाली जात असेल, तर ती मोठा प्रवाह देण्यास असमर्थ झाली आहे. दाब चांगला टिकूनही सेल्फ फिरत नसेल, तर दोष तारा, सांगाड्यास जोडलेली पट्टी किंवा स्वतः सेल्फ यांत आहे. त्यासाठी बॅटरी बदलणे व्यर्थ होय.

पाच : जनित्राचा दाब. इंजिन चालू असता साध्या गाडीत दाब सुमारे १३.८ ते १४.४ व्होल्ट असतो. नव्या गाड्यांत मात्र जनित्रावर संगणकाचे नियंत्रण असते. वेग घेताना तो दाब मुद्दाम कमी ठेवितो व उतारावर पाय सोडला की वाढवितो. त्यामुळे एकदाच पाहून १२.६ आढळला म्हणून जनित्र बिघडले असे म्हणू नये. दिवे व पंखा लावून, इंजिनाचा वेग थोडा वाढवून दोन-तीन वेळा मोजावे. एकदाही १३.५ च्या वर आकडा गेला नाही, तर जनित्र व त्याचा पट्टा कारागिराकडून तपासून घ्यावा.

सहा : चोरटी गळती. गाडी बंद असतानाही घड्याळ, कुलूप यंत्रणा, संगणक यांना थोडा प्रवाह लागतो. तो ५० मिलिॲम्पियर धरला तर दिवसास १.२ व वीस दिवसांत २४ ॲम्पियर-तास खर्च होतो. म्हणजे ६० ॲम्पियर-तासांची बॅटरी दोन-पंचमांश रिकामी होते. श्रावणझडीत गाडी पंधरा-वीस दिवस गोठ्याजवळ उभी राहते व नंतर चालू होत नाही, याचे कारण बहुधा हेच असते. बाहेरून बसविलेले गाणी लावण्याचे यंत्र, जादा दिवे किंवा गाडीचा माग दाखविणारे यंत्र यांमुळे गळती ३०० मिलिॲम्पियर झाली, तर दिवसाकाठी ७.२ ॲम्पियर-तास जातात व चार दिवसांतच बॅटरी अर्धी होते. गळती मोजताना गाडी कुलूप लावून सुमारे एक तास शांत ठेवावी. कारण सर्व उपकरणे झोपी जाण्यास तेवढा अवधी लागतो. ॲमीटर ऋण तारेत जोडलेला असताना गाडी कधीही चालू करू नये, मीटर जळतो.

या सहा पायऱ्यांचा क्रम सोडू नये. त्यांपैकी तिसरी व चौथी या दोन्ही परीक्षांत बॅटरी नापास झाली, तर ती बदलणे भाग आहे. एकीतच नापास झाली असता बॅटरीच्या दुकानातील यंत्रावर पुन्हा खात्री करून घ्यावी.

रस्त्यात गाडी बंद पडल्यास

घाटात गाडी बंद पडल्यास प्रथम ती कडेला घेऊन हातब्रेक लावावा, चाकांना दगड लावावेत व धोक्याचे दिवे चालू करावेत. उतारावर गाडी सोडून ती चालू करण्याचा प्रयत्न करू नये. इंजिन बंद असता ब्रेकला मिळणारे साहाय्य एक-दोन दाबांतच संपते व सुकाणूही जड होते. शिवाय बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर इंधन सोडणारा संगणकच चालत नाही आणि कितीही ढकलले तरी नवी गाडी चालू होत नाही. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद करण्याची जुनी सवयही याच कारणास्तव सोडून द्यावी. आपोआप चालणारी यंत्रणा गाडी थांबल्यावर किंवा थांबण्याच्या बेतात असतानाच इंजिन बंद करते. उतारावरील वेगात नव्हे.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची मदत घेताना ती १२ व्होल्टचीच असावी. मोठ्या मालट्रकची किंवा एस.टी.ची २४ व्होल्टची जोडणी वापरल्यास गाडीतील संगणक जळतो. लाल तार प्रथम मेलेल्या बॅटरीच्या धन टोकास व नंतर चांगल्या बॅटरीच्या धन टोकास लावावी. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकास लावून तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूस, बॅटरीपासून दूर, जोडावे. गाडी चालू झाल्यावर तारा उलट क्रमाने काढाव्यात. दोन्ही गाड्या एकमेकींस स्पर्श करणार नाहीत अशा उभ्या कराव्यात. त्यानंतर गाडी अर्धा तास फिरविली म्हणजे बॅटरी भरली असे समजू नये. ती चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी.

बॅटरी बदलण्याची रीत

नवी बॅटरी घेताना पाच गोष्टी जुळवाव्यात : जात, ॲम्पियर-तास, थंडीत सुरू करण्याच्या प्रवाहाचा आकडा, बाहेरील माप, आणि धन टोक उजवीकडे आहे की डावीकडे. बनविल्याचा महिना पाहावा. दुकानात बराच काळ पडून राहिलेली बॅटरी घेऊ नये. हमीपत्रावर तारीख व गाडीचा क्रमांक लिहून घ्यावा.

किमतीविषयी एक हिशेब लक्षात ठेवावा. समजा, साधी बॅटरी ६,००० रुपयांस मिळाली व या गाडीत दीड वर्ष टिकली. योग्य जातीची बॅटरी १०,५०० रुपयांस मिळाली व साडेतीन वर्षे टिकली. पहिलीचा खर्च वर्षास ४,००० रुपये व दुसरीचा ३,००० रुपये येतो. स्वस्त बॅटरी प्रत्यक्षात महाग पडते ती अशी. ऐन पावसाळ्यात खोळंबण्याचे नुकसान या हिशेबात धरलेलेही नाही.

बदलण्याचे काम पुढील क्रमाने करावे. गाडी बंद करून, किल्ली काढून, दहा मिनिटे थांबावे. प्रथम ऋण टोकाचा जोड सोडवावा. संवेदक त्याच जोडावर असल्यामुळे तो पक्कडीने ओढू नये किंवा ठोकू नये. नट सैल करून हलक्या हाताने वर उचलावा. त्यानंतर धन टोक सोडवावे. तळाची पकड काढून बॅटरी सरळ उचलावी. बैठक सोड्याच्या पाण्याने पुसून कोरडी करावी. वायू बाहेर नेणारी नळी असल्यास ती नव्या बॅटरीस आठवणीने जोडावी. बॅटरी बैठकीखाली किंवा डिकीत असलेल्या गाड्यांत हे विशेष महत्त्वाचे आहे. बॅटरी पकडीत घट्ट बसवावी, कारण घाटरस्त्याच्या हादऱ्यांनी सैल बॅटरीचे पत्रे तुटतात. जोडताना प्रथम धन व शेवटी ऋण हा क्रम ठेवावा.

काही गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते. ही नोंद न केल्यास संगणक जुन्या, थकलेल्या बॅटरीच्या हिशेबानेच नवीस भरत राहतो. त्यामुळे नवी बॅटरी लवकर खराब होते किंवा आपोआप बंद-चालू होण्याचे कार्य सुरूच होत नाही. अशी नोंद आवश्यक आहे किंवा नाही हे माहितीपुस्तिकेत पाहावे अगर दुकानदारास बॅटरी घेण्यापूर्वीच विचारावे. नोंद लागत नसलेल्या गाडीतही संवेदकास नवी बॅटरी ओळखण्यासाठी गाडी एक रात्र कुलूपबंद उभी राहावी लागते. तोवर यंत्रणा चालली नाही तर घाबरून जाऊ नये. घड्याळ व काचा वरखाली होण्याची जुळणी पुन्हा करावी लागेल.

जुन्या बॅटरीची विल्हेवाट

जुनी बॅटरी दुकानदारास परत द्यावी. तिची किंमत नव्या बॅटरीत वजा मिळते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. बॅटरी इतर कचऱ्यात टाकू नये, हे वापरणाऱ्याचे कर्तव्य आहे. शिशासाठी घरी बॅटरी फोडणे अत्यंत घातक होय. शिशाची धूळ व धूर यांनी लहान मुलांच्या मेंदूस कायमची इजा होते. आतील गंधकाम्ल ओढ्यात किंवा बांधावर ओतल्यास पाणी व जमीन दोन्ही बिघडतात. गगनबावड्यातील ओढ्यांचे पाणी खाली अनेक गावे पितात, याचे भान ठेवावे.

पावसाळ्यापूर्वीची निगा

मे महिन्यातच टोके स्वच्छ करून व्हॅसलीन लावावे व विश्रांतीतील दाब मोजून ठेवावा. जून ते सप्टेंबर या काळात गाडी फक्त जवळच्या फेऱ्या करीत असेल, तर महिन्यातून एकदा बॅटरी चार्जरवर पूर्ण भरावी. मुसळधार पावसात, दिवे व वायपर चालू असता, यंत्रणा बंद ठेवण्याचे बटण दाबून ठेवावे. गाडी पुन्हा चालू केल्यावर ही यंत्रणा बहुधा आपोआप कार्यान्वित होते. म्हणून बटण प्रत्येक वेळी दाबावे लागते. रानगव्यांपासून पीक राखण्यासाठी लावलेल्या झटका यंत्रास गाडीची बॅटरी जोडू नये. रात्रभर हळूहळू रिकामी होण्यासाठी ती बनविलेली नाही व सकाळी गाडीही चालू होत नाही. त्या कामास स्वतंत्र बॅटरी ठेवावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मल्टिमीटर वापरण्याची रीत दोन-चार गाडीमालकांना प्रत्यक्ष करून दाखवावी. हे साधन स्वस्त आहे व ते वापरणे कोणासही एका दिवसात शिकता येते. प्रत्येक गाडीमालकाने एका वहीत बॅटरी बसविल्याची तारीख, तिची जात व दर महिन्याचा विश्रांतीतील दाब लिहून ठेवावा. सलग तीन महिने आकडा उतरत गेलेला दिसला, तर पावसाची वाट न पाहता बॅटरी भरून तपासून घ्यावी. रात्री-अपरात्री रोग्यास घेऊन कोल्हापूरकडे निघण्याची वेळ आली असता, या वहीतील एका ओळीचे मोल घरातील सर्वांस कळून येईल.